चोवीस तासांचा डबा

बायकोच्या तोंडाचा वास घेतला मी.
एकदा नव्हे.
ती झोपली की कंदील जवळ धरून, वाकून,
कुत्रं हुंगतं तसा.
कांद्याचा वास, झोपेचा वास. दुसरा काही नाही.

एप्रिलचे दिवस. भिरोंड्यात घरोघरी भट्टी.
कोळंबीत बोंडू तुडवणाऱ्यांचे पाय चिकट,
भाणाखाली जाळ, लावणीत थेंब थेंब हुर्राक.
आणि दुर्पता,
जिनं माझ्या भट्टीचं बोटसुद्धा जिभेला लावलं नव्हतं,
जेवता जेवता लाल व्हायची.
गळ्यापासून वर चढत जायचं ते, पिकल्या बोंडवासारखं.
पाच मिनिटं. मग उतरायचं,
आणि ती तांब्या घेऊन परसाकडे धावायची.

भट्टीवाल्याची बायको, लोक म्हणाले, आणखी काय.
शाळेत मुलांची भाजी करायची ती.
गटातल्या बायका एके दिवशी म्हणाल्या,
थोडे दिवस घरीच राहा गो.
ती घरीच राहिली.

मी फेणीच्या बाटल्यांवर कोळशानं रेषा ओढल्या,
जिथवर फेणी तिथवर.
रोज रात्री बघायचो. रेष होती तिथंच.
पण माझा विश्वास रेषेवर नव्हता,
तिच्या गालांवर होता.

वाळपईच्या डॉक्टरनं पित्ताच्या गोळ्या दिल्या.
साखळीचा म्हणाला, बाईचं वय असं असतं.
म्हापशाच्यानं छातीतली शिट्टी ऐकून पंप दिला.
तीन काजूहंगाम गेले.

बांबोळीला डॉ. लविना, चांदोरची, कोवळी पोर,
हिच्या छातीवर नळी ठेवून बराच वेळ गप्प.
मग विचारलं, लाल झाल्यावर घाम येतो?
दुर्पता म्हणाली, नाही. कोरडंच.
डॉक्टरनं पेन खाली ठेवलं.
हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता.
मीसुद्धा.

तीन दिवस केळं नको, अननस नको, टोमॅटो नको.
मग एका डब्यात चोवीस तासांची लघवी.
पाच लिटरचा पांढरा डबा, तळाला त्यांनीच घातलेलं औषध.
पहाटेच्या कदंबात मांडीवर धरून बसलो.
कंडक्टर वाकला, डोळे मिचकावले:
हुर्राक? पहिल्या धारेचा?
सगळी बस हसली.
मीही हसलो, बाबा, मीही हसलो,
आणि झाकण दोन्ही हातांनी दाबून धरलं.
त्या डब्यात माझ्या बायकोची साक्ष होती,
फोंड्यापर्यंत डुचमळत.

आतड्याच्या टोकाला गाठ, काजूच्या बीएवढी.
काजूची बी फळाबाहेर लटकते, पोरालाही दिसते.
हिची आत होती.
ही गाठ स्वतःच रस सोडते, डॉक्टर म्हणाली,
यकृत तो पचवतं, कुणाला कळत नाही.
गाठ यकृतात शिरली की रस थेट रक्तात,
तोंड लाल, पोट पाणी, छातीत शिट्टी,
आणि हृदयाच्या उजव्या बाजूची झडप जाड होत जाते,
दार फुगून चौकटीत अडकावं तशी.

मी म्हटलं, म्हणजे भट्टीच की.
डॉक्टर हसली नाही.
तुमची भट्टी जूनला बंद होते, म्हणाली.

आता महिन्याला एक सुई, कमरेत.
आतड्याची गाठ काढली, यकृतातल्या राहिल्या.
लाली कमी आली. शाळेतून निरोप आला, ये म्हणून.
ती गेली नाही.

परवा फळी झाडत होती.
बाटल्या एकेक उतरवून, फडक्यानं पुसून, परत जागेवर.
मी म्हटलं, दुर्पता, त्या रेषा...
पुढं मला येईना.
तिनं मान वर केली नाही.
म्हणाली, ठाऊक आहे.
तीन वर्षं पुसतेय मी ह्या बाटल्या.
तुझी रेष तेवढी सांभाळून.
पुसली गेली असती
तर तू काय बघणार होतास?

आणि पुढची बाटली घेतली.